क्रोममधून बिटवॉर्डन: घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड हलवल्यानंतरचा रिव्ह्यू

क्रोममधे साठलेले पासवर्ड बाहेर काढून बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमधे टाकले, माझे, आईबाबांचे आणि दादाचे पण, आणि आता सगळे रोज तेच वापरतायत त्यामुळे रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. मत आधीच सांगून टाकते. बिटवॉर्डनचं फ्री व्हर्जन घरगुती वापराला भरपूर आहे, मी पाचपैकी चार देईन, एक स्टार का कापला ते पुढे येईलच. पण ॲप चांगलं की वाईट हे ठरवणं सोपं असतं हो, लोक अडकतात ते आधीच्या पायरीवर, म्हणजे ब्राउझरमधून सगळे पासवर्ड बाहेर काढायचे तेव्हा, आणि खरा धोका पण तिथेच आहे. म्हणून ॲपइतकंच त्या कामाबद्दल लिहितेय.

आमच्याकडे हा विषय निघाला दादामुळे. हिंजवडीतली नोकरी बदलली, जुन्या ऑफिसचा लॅपटॉप परत करायचा होता, आणि त्यातल्या ब्राउझरमधे याचं सगळं खासगी पण साठलेलं, विजेचं बिल, गॅसचं बिल, मुलीच्या शाळेचं पोर्टल, म्युच्युअल फंड, पीएफ. त्याच आठवड्यात बाबांनी मला सांगितलं की माझे सगळे पासवर्ड एका जागी कर, कारण त्यांचे अर्धे घरच्या कॉम्प्युटरवरच्या क्रोममधे, काही फोनमधे आणि उरलेले डायरीत, डायरीत पण खाडाखोड करून तीन तीन वेळा लिहिलेले आणि कुठला शेवटचा ते त्यांनाही सांगता येईना. बाबा सोसायटीचे खजिनदार पण आहेत, त्यामुळे सोसायटीचा ईमेल, मेंटेनन्सच्या ॲपचं लॉगिन वगैरे आहेच.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की क्रोममधे ठेवलं तर बिघडतं काय. प्रामाणिक उत्तर असं की फार काही बिघडत नाही, क्रोमचा पासवर्ड मॅनेजर वाईट नाहीये. तो नवीन पासवर्ड बनवून देतो, लीक झालेला असेल तर सांगतो, फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे आपोआप दिसतं. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणाऱ्या माणसापेक्षा क्रोमवर सगळं सोडून देणारा माणूस कितीतरी सुरक्षित आहे. अडचण आहे ती कुलपाची. क्रोमच्या पासवर्डांना स्वतःचं वेगळं कुलूप नाही, विंडोजवर जो तुमचा लॅपटॉपचा पिन आहे तोच. म्हणजे ज्याला पिन माहीत त्याला सगळं उघडं. आणि आपल्याकडे लॅपटॉप दुरुस्तीला देताना काय करतात? दुकानदार पिन विचारतो, आपण सांगतो, तो चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवतो, आणि लॅपटॉप चार दिवस तिथे. मी स्वतः बघितलंय, काउंटरमागे दहाबारा लॅपटॉप एकावर एक आणि प्रत्येकावर नाव, मोबाइल नंबर आणि पिन. दुकानदार भला माणूस असेल हो, पण दुकानात येणाजाणारे किती.

दुसरी गोष्ट म्हणजे चोरटे व्हायरस. फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्याबरोबर असले प्रोग्रॅम येतात जे बाकी काहीच करत नाहीत, फक्त ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलतात आणि पाठवून देतात. त्यांना क्रोमची फाइल कुठल्या फोल्डरमधे असते हे पाठ असतं, कारण सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ती एकाच जागी असते. गूगलला पण हे माहितीये, जुलै 2024 मधे क्रोम 127 पासून विंडोजवर त्यांनी एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती गुप्त लिपीत ठेवण्याचा, एक जादा थर चढवायला सुरुवात केली तो यासाठीच. तेव्हा क्रॅक सॉफ्टवेअर टाकणाऱ्याने आधी ते थांबवावं, त्याला कुठलाच मॅनेजर वाचवणार नाही. व्हायरस आत असेल तर बिटवॉर्डन उघडल्यावर तो तिथलंही बघू शकतो.

फायरफॉक्सवाल्यांसाठी एक वेगळं सांगते. तिथे प्रायमरी पासवर्ड म्हणून सोय आहे, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांना वेगळा एक मुख्य पासवर्ड. ती आपोआप चालू नसते, सेटिंग्जमधे जाऊन चालू करावी लागते आणि बहुतेकांनी केलेली नसते. तुम्ही फक्त फायरफॉक्सच वापरत असाल, फोनवर पण तोच, तर हे एक टिक करा आणि कुठे हलायची गरजच नाही, खरंच.

आम्हाला हलायचं होतं कारण घरात आयफोन पण आहे, अँड्रॉइड पण, विंडोज पण, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं गूगल अकाउंट जोडायचं नाही हे दादाने यावेळी पक्कं ठरवलं होतं.

तर एक्सपोर्ट. क्रोमच्या तीन टिंबांमधे पासवर्ड्स अँड ऑटोफिल, त्यात गूगल पासवर्ड मॅनेजर, डावीकडे सेटिंग्ज, तिथे एक्सपोर्ट पासवर्ड्स, डाउनलोड फाइल. विंडोज पिन विचारतं, दिला की एक सीएसव्ही फाइल मिळते. फायरफॉक्समधे पासवर्ड्सचं पान उघडून वरच्या तीन टिंबांमधे एक्सपोर्ट. दोन मिनिटांचं काम. आणि या दोन मिनिटांनंतर तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमधे अशी एक फाइल पडलेली असते जिच्यात साइटचं नाव, पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं, कसलंही कुलूप नाही, नोटपॅडमधे उघडली तरी वाचता येते. क्रोम आधी सूचना देतो तशी पण सूचना कोण वाचतं. घराच्या, कपाटाच्या, लॉकरच्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात घालून जिन्यात खिळ्याला अडकवल्यासारखं आहे ते, त्यामुळे ती फाइल जितकी कमी वेळ जिवंत राहील तितकं बरं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी बिटवॉर्डनचं अकाउंट काढा, मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डन उघडायचा एकच मुख्य पासवर्ड, पक्का करा, लॉगिन करून बघा, बाहेर पडून परत लॉगिन करा, फोनवर टाकून बघा. हे सगळं जमलं की मग एक्सपोर्ट करा, लगेच इम्पोर्ट करा आणि फाइल उडवा, सगळं एका बैठकीत. आधी एक्सपोर्ट करून मग कुठलं ॲप घ्यावं यावर आठवडाभर यूट्यूब बघत बसायचं नाही.

फाइल कुठे सेव्ह होतेय तेही बघा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. तिथे सेव्ह केली की ती क्लाउडवर गेली, मग लॅपटॉपवरून डिलीट केली तरी क्लाउडच्या रिसायकल बिनमधे राहते. वेगळा एक फोल्डर करा सी ड्राइव्हवर, कुठल्याच सिंकमधे नसलेला.

आणि एक्सेल! हे मोठ्याने सांगावंसं वाटतं. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की ती एक्सेलमधे उघडते, आणि एक्सेलला पासवर्ड म्हणजे काय ते कळत नाही, त्याला आकडे दिसले की तो आकडे समजतो. बाबांच्या एका जुन्या साइटचा पासवर्ड नुसत्या आकड्यांचा आणि शून्याने सुरू होणारा होता. त्यांनी उत्साहाने फाइल उघडली आणि म्हणाले, "अगं, माझं शून्य कुठे गेलं?" शून्य एक्सेलने खाल्लं होतं. लांब आकडा असेल तर त्याचं मधे ई आणि अधिकचं चिन्ह घालून भलतंच काहीतरी करतो, आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड त्याला फॉर्म्युला वाटतो. नुसतं बघितलं तोवर ठीक, पण बंद करताना सेव्ह करू का विचारतं आणि हो म्हटलं की फाइलमधे तसंच चुकीचं जाऊन बसतं. आम्ही नाही म्हटलं, बंद केलं, शून्य वाचलं. बघायचंच असेल तर नोटपॅडमधे बघा.

त्यानंतर बाबांचा पुढचा प्रस्ताव आला की याची एक प्रिंट काढून ठेवू. प्रिंटर घरी नाही, म्हणजे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि तो काढून देईल, आधार कार्डाची प्रत काढतो तशी. "बाबा, ही फाइल कुणालाच पाठवायची नाहीये, मला पण नाही," असं म्हणावं लागलं. पुण्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातला तो कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा, व्हॉट्सॲप वेब सतत उघडं, डाउनलोड्स फोल्डरमधे अख्ख्या कर्वेनगरची आधार, पॅन, भाडेकरार, सगळं पडलेलं, कुणी काढत नाही. मुद्दाम कुणी वाईट करत नाही, फक्त कुणाचंच लक्ष नसतं. त्यात ही फाइल जाऊन पडली असती तर. शिवाय तुमच्या स्वतःच्या फोनवर पण ती व्हॉट्सॲपमधे राहते, बॅकअपमधे जाते. स्वतःलाच ईमेल करून ठेवतात ना लोक, ते पण नको.

इम्पोर्टच्या आधी क्रोममधेच थोडी झाडलोट केली तर पुढचा त्रास वाचतो. एकाच साइटच्या चार चार नोंदी असतात, एक वेबसाइटची, एक मोबाइलच्या पानाची, एक पासवर्ड बदलला तेव्हाची जुनी. अँड्रॉइड ॲपच्या नोंदी तर फाइलमधे ओळखूच येत नाहीत, अँड्रॉइड या शब्दाने सुरू होऊन मधे एक लांबलचक अगम्य अक्षरांची माळ आणि शेवटी ॲपचं तांत्रिक नाव, घाबरून त्या काढून टाकू नका, त्या कामाच्या आहेत. पण बंद पडलेल्या साइट, जुन्या कॉलेजचं फॉर्म भरायचं पोर्टल, कधीकाळचं एखादं तिकिटाचं ॲप, हे काढून टाका.

बिटवॉर्डनमधे इम्पोर्ट एकदम सोपं निघालं. ब्राउझरमधून त्यांच्या साइटवर लॉगिन, टूल्समधे इम्पोर्ट डेटा, यादीतून क्रोम सीएसव्ही निवडायचं, फाइल द्यायची, झालं. फायरफॉक्स, एज, सफारी, दुसरे मॅनेजर, सगळ्यांची नावं त्या यादीत आहेत. एकच काळजी, तो डुप्लिकेट तपासत नाही, तीच फाइल दोनदा दिली तर सगळं दोनदा येतं आणि मग हाताने काढत बसा. त्यामुळे बटण दाबल्यावर स्क्रीन हलली नाही म्हणून परत दाबू नका.

आकडे जुळलेत का बघा, दोनचार महत्त्वाच्या साइटवर लॉगिन करून बघा, आणि मग फाइल शिफ्ट धरून डिलीट, रिसायकल बिनमधे पण नको. क्रोममधलं मात्र लगेच पुसू नका. दोनेक आठवडे दोन्हीकडे राहू दे, काही राहिलंय का ते कळतं. फक्त क्रोमच्या सेटिंगमधे पासवर्ड सेव्ह करू का विचारणं बंद करा, नाहीतर दोघंही विचारत राहतात आणि नवीन पासवर्ड कुठल्या डबीत गेला ते कळत नाही. नंतर क्रोममधलं पुसताना एक महत्त्वाचं, तिथे पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची डिजिटल किल्ली) पण असतात आणि सगळा डेटा डिलीट करायचा पर्याय त्या पण उडवतो. पासकी सीएसव्हीत येत नाहीत. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात पासकी नेण्यासाठी फिडो अलायन्स या पासकीचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने ऑक्टोबर 2024 मधे एक मसुदा काढला आणि हळूहळू कंपन्या ते आणतायत, पण फाइलवाल्या जुन्या पद्धतीने त्या हलत नाहीत. त्यामुळे ज्या साइटवर पासकी लावलीये तिथे आधी नवीन मॅनेजरमधे नवी पासकी बनवा, मग जुनी काढा.

आता रोजच्या वापराबद्दल. बिटवॉर्डन 2016 पासून आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे कोड सगळ्यांना बघता येतो, आणि फ्रीमधे पासवर्ड किती ठेवायचे आणि किती फोन लॅपटॉपवर वापरायचं याला मर्यादा नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, कारण लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरने मार्च 2021 मधे फ्रीवाल्यांना एकतर कॉम्प्युटर नाहीतर मोबाइल असं एकच निवडायला लावलं होतं, तेव्हा खूप लोक इकडे आले. आणि त्याच लास्टपासमधून 2022 मधे ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरीला गेला, डिसेंबरमधे त्यांनी ते जाहीर केलं. तिजोऱ्यांमधले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण साइटचे पत्ते तसे नव्हते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा त्यांना खरी भीती. हे मी मुद्दाम सांगतेय कारण असं उद्या कुठल्याही कंपनीचं होऊ शकतं, बिटवॉर्डनचं पण, आणि त्या दिवशी तुमच्या आणि चोराच्या मधे फक्त तुमचा मास्टर पासवर्ड उभा असेल.

तो कसा ठेवायचा यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. बिटवॉर्डनचा जनरेटर शब्दांचा पासवर्ड बनवून देतो पण ते इंग्रजी शब्द, आईच्या लक्षात राहणं अशक्य. मग आम्ही मराठी शब्द घेतले, रोमनमधे टाइप केलेले, पाच शब्द, एकमेकांशी काही संबंध नसलेले, मधे डॅश. घरातल्या वस्तू, भाजी, एखादं क्रियापद, असं. म्हण घ्यायची नाही, गाण्याची ओळ नाही, आरती तर अजिबात नाही, नातवंडांची नावं नाहीत, गावाचं नाव नाही. आईने स्वतः निवडले आणि पहिले काही दिवस कागदावर बघून टाइप केले, आता बोटांना पाठ झालेत. लांबी महत्त्वाची, चिन्हांची खिचडी नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने 2017 च्या त्यांच्या नियमांमधे लांबीवर भर दिला आणि दर काही महिन्यांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका असंही सांगितलं, तरी आपल्याकडे अजून कितीतरी साइट दर तीन महिन्यांनी बदला म्हणतात, आणि माणूस शेवटी फक्त एक आकडा वाढवतो.

मास्टर पासवर्ड विसरला तर बिटवॉर्डन तो परत देऊ शकत नाही, त्यांच्याकडे तो नसतोच. म्हणून तो एका कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमधे किंवा कपाटात एफडीच्या पावत्यांबरोबर ठेवा. कागद वाईट नाही, चुकीच्या जागी ठेवलेला कागद वाईट.

आणि एक फास आहे तो आधीच सोडवून ठेवा. 2025 पासून बिटवॉर्डन नवीन फोनवर किंवा लॅपटॉपवर लॉगिन करताना, टू फॅक्टर (पासवर्डबरोबर दुसरा एक कोड मागणारी सोय) लावलेलं नसेल तर, ईमेलवर कोड पाठवतं. आता तुमच्या ईमेलचाच पासवर्ड फक्त बिटवॉर्डनमधे असेल आणि फोन हरवला, तर ईमेल उघडायला बिटवॉर्डन हवं आणि बिटवॉर्डन उघडायला ईमेल. त्यामुळे त्या कागदावर ईमेलचा पासवर्ड पण लिहा, आणि ऑथेंटिकेटर ॲपने, म्हणजे फोनवर दर वेळी नवा कोड दाखवणाऱ्या ॲपने, टू फॅक्टर लावून त्याचा रिकव्हरी कोड पण तिथेच. टू फॅक्टर फ्रीमधे मिळतं.

अँड्रॉइडवर आपोआप भरण्यासाठी दोन जागी सांगावं लागतं. फोनच्या सेटिंग्जमधे ऑटोफिलसाठी बिटवॉर्डन निवडायचं, आणि क्रोमच्या आत परत वेगळं, दुसऱ्या सर्व्हिसने भरू दे असा पर्याय आहे तो. हे दुसरं लोकांना माहीत नसतं आणि मग म्हणतात ॲपमधे चालतं, क्रोममधे चालत नाही. लॅपटॉपवर ब्राउझरमधे बिटवॉर्डनचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकलं की कंट्रोल शिफ्ट एल दाबून भरतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की बिटवॉर्डन पासवर्ड सुचवण्याआधी साइटचा पत्ता बघतं, साइट दिसते कशी ते बघत नाही. बाबांना रोज काही ना काही मेसेज येतो, केवायसी करा, पार्सल अडकलंय, चलान भरा, आणि त्यातलं पान अगदी बँकेसारखं दिसतं, लोगोसकट. माणसाला फसवता येतं पण पत्ता जुळला नाही तर बिटवॉर्डन गप्प बसतं. बाबांना मी एवढंच सांगितलंय की जिथे रोज आपोआप नाव येतं तिथे आज आलं नाही तर हाताने टाइप करायचं नाही, मला फोन करायचा. ते पाळतात. आणि तरी कुणाकडे पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन, तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, जितका लवकर तितकं बरं.

आता कापलेला स्टार. आपल्या बँकांच्या साइटवर याची दमछाक होते. आमच्या एका बँकेचं लॉगिन असं की युजर आयडी एका पानावर, पासवर्ड दुसऱ्या पानावर, तिथे पेस्ट बंद, आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डवर माऊसने एकेक अक्षर दाबा, तेही दर वेळी जागा बदललेलं. चूक बिटवॉर्डनची नाही, पण वापरणाऱ्याला त्रास होतो, आणि पेस्ट बंद केल्यामुळे लोक लहान सोपा पासवर्ड ठेवतात, म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली उलटंच. अशा साइटसाठी आम्ही चिन्हांचा पासवर्ड सोडून शब्दांचा लांब ठेवला, टाइप करायला निदान सुसह्य. मर्यादा पंधरा अक्षरांची असेल तर तेही जमत नाही.

दुसरं, 2024 च्या शेवटी एक्स्टेंशनचं रूप बदललं आणि पूर्वी नावावर क्लिक केलं की भरायचं तिथे आता वेगळं फिल बटण आलं, सवय मोडली, नंतर सेटिंगमधे जुनी पद्धत परत द्यायला लागले ते ठीक. एकूणच दिसायला हे ॲप जरा ऑफिशियल आहे, आईला पहिल्यांदा बघून सरकारी फॉर्म वाटला. वॉल्ट, म्हणजे पासवर्डांची तिजोरी, किती वेळाने लॉक व्हावं ते ठरवायला मिळतं, फोनवर बोटाचा ठसा लावला की आईची तक्रार संपली.

फुकटातलाच दुसरा चांगला पर्याय म्हणजे कीपासएक्ससी. त्यात अकाउंट नाही, कंपनी नाही, सर्व्हर नाही, एक एन्क्रिप्टेड फाइल, ती तुमच्याकडे. क्रोमची सीएसव्ही तोही घेतो. दादाने आधी तोच लावला होता आणि त्याला तो अजूनही मनापासून आवडतो, पण फाइल फोनवर आणि लॅपटॉपवर एकसारखी ठेवायची जबाबदारी आपली, आणि आईबाबांच्या फोनवर ते करत बसणं व्यवहार्य नव्हतं. एकटा माणूस, एक लॅपटॉप आणि क्लाउडवर विश्वास नसेल तर कीपासएक्ससी घ्या डोळे झाकून. घरात सगळ्यांकडे ॲपलच असेल तर 2024 मधे आयओएस 18 बरोबर आलेलं त्यांचं पासवर्ड्स ॲप पुरेसं आहे.

सोसायटीच्या पासवर्डांचं सांगायचं राहिलं. बिटवॉर्डनच्या फ्रीमधे दोन माणसांची एक ऑर्गनायझेशन करता येते, त्यात ठेवलेलं दोघांना दिसतं. बाबा आणि सेक्रेटरी काका अशी आम्ही केली. आधी प्रत्येक नवीन कमिटी आली की जुन्या खजिनदारांच्या मागे लागून पासवर्ड गोळा करायचे, कुणी मुलाकडे बंगळूरला गेलेलं असायचं, ओटीपी त्यांच्या फोनवर. आता कमिटी बदलली की नवीन माणूस आत, जुना बाहेर, आणि पासवर्ड बदलून टाकायचे, कारण जुन्याने ते बघितलेले असतात. ओटीपीसाठी सोसायटीच्या नावावर वेगळं सिम घ्यावं लागलं. कमिटीत तिघं असतील तर मात्र पैसे भरावे लागतात.

प्रीमियम कशासाठी घ्यावं तर माझ्या मते फक्त इमर्जन्सी ॲक्सेससाठी. तुम्ही एका माणसाला नेमता, त्याने मागितलं आणि तुम्ही ठरवलेल्या मुदतीत नकार दिला नाही तर त्याला तुमचं वॉल्ट मिळतं. ज्याला नेमलंय त्याचं अकाउंट फ्री असलं तरी चालतं. बाबांच्या वयात हा विषय काढायला मला जड गेलं, त्यांनीच काढला आणि सेटिंग लावून घेतली. फी डॉलरमधे, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करावे लागतात.

उद्या बिटवॉर्डन सोडावंसं वाटलं तर? सोडता येतं, तिथूनही एक्सपोर्ट आहे, आणि मी कुठलंही असलं ॲप घेण्याआधी पहिलं हेच बघते. साधी सीएसव्ही नको, एन्क्रिप्टेड जेसन (कुलूप लावलेली फाइल) घ्या. त्यात दोन प्रकार विचारतात, एक अकाउंटला बांधलेला आणि एक पासवर्ड लावलेला. अकाउंटला बांधलेली फाइल त्याच अकाउंटमधे परत उघडते, अकाउंटच गेलं तर ती नुसती पडून राहणार. म्हणून पासवर्डवालाच निवडा, पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दिवाळीच्या आधी घरातली आवराआवर करता तेव्हा जुनी फाइल काढून नवीन टाका. टू फॅक्टरचा रिकव्हरी कोड त्या फाइलमधे नसतो, तो कागदावर वेगळा.